सारख्या वायूंची फारकत: सच्छिद्र पदार्थ निवडण्यापासून टाकी भरण्यापर्यंत

२०२१च्या एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा आयआयटी मुंबईत एक प्रयोग झाला. नायट्रोजन बनवणारं पीएसए यंत्र घेतलं, त्याच्या टाक्यांमधला कार्बन मॉलिक्युलर सीव्ह (अतिशय बारीक तोंडांच्या छिद्रांचा कार्बन) काढला, त्या जागी झिओलाइट हा सच्छिद्र, दगडासारखा पदार्थ भरला आणि यंत्राची थोडी जुळवाजुळव केली. त्याच यंत्रातून साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन यायला लागला. कंप्रेसर तोच, टाक्या त्याच, आत जाणारी हवाही तीच. बदलली ती टाकीतली भरण.

पीएसए म्हणजे दाब वाढवून वायू पदार्थाच्या छिद्रांत धरायचा आणि दाब कमी करून सोडून द्यायचा. वायू आत मुरत नाही, छिद्रांच्या भिंतींना चिकटतो, म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. ही भरण निवडायची कशी, तपासायची कशी आणि टाकीत घालायची कशी, ते इथे पायरीपायरीने सांगतो. हातात प्रयोगशाळेतला नवा पदार्थ असो की पुरवठादाराचं कोटेशन, क्रम हाच ठेवा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की धरा. वायू धरणारे पदार्थ पुष्कळ आहेत. विजेचं बिल ठरतं ते सोडण्याच्या वेळी.

पायरी १: दोन्ही वायूंची पत्रिका मांडा

लग्न जुळवताना गुण जुळतात का ते बघतात, इथे कुठे जुळत नाहीत ते शोधायचं. कागदाच्या दोन बाजूंना दोन वायू लिहा आणि खाली रेणूचा आकार, उत्कलनबिंदू, विद्युतभाराची मांडणी, दुहेरी बंध आहे की नाही, हे भरत जा.

ऑक्सिजनचा गतिक व्यास, म्हणजे छिद्रातून जाताना रेणूचा जो आकार धरायचा तो, ३.४६ अँगस्ट्रॉम, नायट्रोजनचा ३.६४. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आणि फरक त्याच्याही पाचव्या हिश्श्याहून कमी. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, नायट्रोजन उणे १९६ला. प्रॉपिलीन उणे ४७.६ अंशांना, तर प्रॉपेन उणे ४२.१ला. इथे फरक अवघा साडेपाच अंशांचा. उलट बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड ३.३ अँगस्ट्रॉमचा आणि मिथेन ३.८चा, शिवाय कार्बन डायऑक्साइडला भारित जागांची जबर ओढ. ही जोडी त्या मानाने सोपी.

आकारात न दिसणारा फरक भाराच्या मांडणीत सापडतो. नायट्रोजनचा चतुर्ध्रुवी आघूर्ण, म्हणजे रेणूतल्या भाराच्या असमान वाटणीचं माप, ऑक्सिजनच्या कित्येक पट मोठा आहे, म्हणून धनभारित आयनाजवळ नायट्रोजन जास्त ओढला जातो. प्रॉपिलीन आणि इथिलीन यांना दुहेरी बंध आहे, प्रॉपेन आणि इथेनला नाही. पुढचा सगळा खेळ या एकेका फटीत पाय रोवून खेळायचा आहे.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी लिहा: कोणता वायू हवा, किती शुद्ध हवा, कोणत्या दाबाला हवा, आणि सोबत न बोलावलेले पाहुणे कोण आहेत. बाष्प, कंप्रेसरचं तेल, हायड्रोजन सल्फाइड. हे पाहुणे कागदावर आले नाहीत तर पुढे टाकीत भेटतात.

पायरी २: ऊर्जेचा हिशेब आधी

वेगळं करायला निसर्ग कमीत कमी किती काम मागतो, ते आधी काढा. प्रत्येक घटकाचा अंश गुणिले त्या अंशाचा नैसर्गिक लॉगॅरिदम, त्यांची बेरीज, गुणिले वायू स्थिरांक, गुणिले निरपेक्ष तापमान. चिन्ह उलटं करा. हवा २१ टक्के ऑक्सिजन आणि ७९ टक्के नायट्रोजन धरली तर २५ अंश सेल्सिअसला मोलमागे १.२७ किलोज्यूल येतात. ऑक्सिजनच्या हिशेबात बसवलं तर सामान्य घनमीटरमागे सुमारे ०.०७५ युनिट वीज. ही झाली तळरेषा.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. तासाला १० घनमीटर, ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन हवा आहे आणि हवेतल्या ऑक्सिजनपैकी ४० टक्केच आपल्या पदरात पडतो, असं धरा. तर तासाला सुमारे ११० घनमीटर हवा दाबावी लागेल. सहा-सात बार दाबापर्यंत हवा दाबायला घनमीटरमागे साधारण ०.१ युनिट लागतं. म्हणजे ऑक्सिजनच्या घनमीटरला १.१ युनिट, तळरेषेच्या जवळपास पंधरापट! तीच प्राप्ती ५० टक्क्यांवर नेली तर हवा ८९ घनमीटरवर येते. पदार्थ चांगला की वाईट, हे शेवटी या आकड्यात उतरतं.

दाब कमी ठेवून खाली निर्वात लावणारी मोठी यंत्रं, ज्यांना व्हीपीएसए म्हणतात, घनमीटरमागे ०.४ युनिटच्या आसपास चालतात. हवा थंड करून द्रव करणारे अवाढव्य प्रकल्प अजूनही शुद्धतेत आणि मोठ्या टनेजमध्ये वरचढ आहेत. सच्छिद्र पदार्थ सगळीकडे जिंकतो, अशा भ्रमात राहू नका.

जिथे तो खरोखर जिंकू शकतो ती जागा म्हणजे प्रॉपिलीन-प्रॉपेन. आज हे काम ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यांत होतं. दोघांची सापेक्ष बाष्पशीलता, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती पट सहज वाफ होतो ते, १.१५ धरून, वर ९९.५ टक्के प्रॉपिलीन आणि तळाच्या प्रॉपेनमध्ये ५ टक्के प्रॉपिलीन राहू दिलं, तरी फेन्स्केच्या सूत्राने किमान ५९ टप्पे लागतात. तेही सगळं द्रव परत मनोऱ्यात सोडलं आणि उत्पादन शून्य घेतलं तर! प्रत्यक्षात शंभराच्या वर ट्रे लागतात आणि तेच द्रव पुन्हा पुन्हा उकळावं लागतं. शोल आणि लाइव्हली या दोघांनी २०१६ साली नेचरमध्ये मांडलेल्या अंदाजानुसार इथिलीन आणि प्रॉपिलीन शुद्ध करण्यात जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी ०.३ टक्का खर्ची पडतो. आकडा लहान वाटतो, पण जगाच्या ऊर्जेतला आहे.

पायरी ३: फारकत कशाच्या जोरावर, ते ठरवा

आपल्या स्वयंपाकघरात वेगळं करण्याची तीन हत्यारं आहेत. चाळण आकार बघते. सूप वजन बघतं. रोवळी पाण्याच्या वेगाने खडे मागे ठेवते. सच्छिद्र पदार्थांचंही असंच आहे, आणि तुमचा पदार्थ यांतला कोणता हे न समजता केलेली प्रत्येक चाचणी वाया जाते.

पहिली पद्धत समतोलाची. १३एक्स झिओलाइटची छिद्रं ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोघांनाही ऐसपैस आहेत, दोघेही आत जातात. पण आतल्या सोडियम आयनांकडे नायट्रोजन जास्त ओढला जातो. सोडियमच्या जागी लिथियम बसवला, की छोट्या आयनावर भार एकवटतो आणि ओढ वाढते. १३एक्समध्ये नायट्रोजनची निवड ऑक्सिजनच्या सुमारे तिप्पट असते. लिथियम भरलेल्या, सिलिकॉन कमी असलेल्या झिओलाइटमध्ये ती सहापट आणि त्याहून वर जाते.

दुसरी पद्धत वेगाची. कार्बन मॉलिक्युलर सीव्हला भरपूर वेळ दिला, तर तो दोन्ही वायू जवळपास सारखेच धरतो. पण त्याच्या अरुंद तोंडांतून ऑक्सिजन भराभर आत शिरतो, नायट्रोजन रेंगाळतो. म्हणून मिनिटभरात टाकी बदलायची. उशीर केलात तर नायट्रोजनही आत येऊन बसतो आणि फरक संपला. आयआयटीच्या प्रयोगात भरण बदलल्यावर जुळवाजुळव का करावी लागली असेल, ते इथे उमगतं: वेगावर चालणाऱ्या पदार्थाचं वेळापत्रक समतोलावर चालणाऱ्या पदार्थाला लागू पडत नाही.

तिसरी पद्धत खरीखुरी चाळणी: एक आत जातो, दुसरा जातच नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत इंधनाचं इथेनॉल कोरडं करतात ते ३ए झिओलाइटने. पाण्याचा रेणू आत जातो, इथेनॉलचा बाहेर राहतो. ऊर्ध्वपातन ९५.६ टक्क्यांना अडतं, तिथून पुढचं काम ही चाळणी करते. याशिवाय काही लवचिक पदार्थ ठरावीक दाबाला दार उघडतात. ते वाचायला फार छान वाटतात. कारखान्यात मी त्यांच्यापासून चार हात लांब राहीन, कारण उघडलेल्या दारातून मग दुसराही डोकावतो.

याच पायरीवर एक निर्णय घ्यायचा असतो आणि तो सर्रास विसरला जातो: धरायचं कोणाला? टाकीच्या वरच्या टोकातून, दाबासकट आणि शुद्ध निघतो तो न धरलेला वायू. धरलेला वायू खालून, कमी दाबाला, मिसळलेला निघतो. म्हणून शक्यतो नको असलेला वायू धरावा, आणि तो थोडा असेल तर फारच उत्तम. कार्बन सीव्ह ऑक्सिजन धरतो म्हणून वरून नायट्रोजन, झिओलाइट नायट्रोजन धरतो म्हणून वरून ऑक्सिजन. इथिलीनमधलं थोडं इथेन काढायचं असेल तर इथेन धरणारा पदार्थ हवा. अडचण अशी, की बहुतेक पदार्थ दुहेरी बंधाला भुलून इथिलीनच धरतात. २०१८ साली लोह आणि सेंद्रिय रेणूंच्या एका सच्छिद्र सांगाड्यात पेरॉक्साइडची जागा तयार करून इथेनला प्राधान्य देणारा पदार्थ दाखवला गेला, तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांचे कान टवकारले ते यासाठी.

पायरी ४: उमेदवारांची यादी करा, आणि ती लहान ठेवा

झिओलाइट हा शब्द १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिला. तापवल्यावर फसफसणारा दगड पाहून त्यांनी ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' असं नाव ठेवलं. आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्या या खनिजांनी भरलेल्या आहेत. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतलं स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघाच. पण खाणीतला दगड फोडून पीएसए टाकीत भरता येत नाही, कारण त्याची शुद्धता आणि आयनांचं प्रमाण दर ढिगाला बदलतं. टाकीतले ए आणि एक्स झिओलाइट कृत्रिम असतात. १९४९च्या सुमारास युनियन कार्बाइडमध्ये रॉबर्ट मिल्टन यांनी ते बनवले.

ए झिओलाइटमध्ये पोटॅशियम घातलं की ३ए, सोडियम असलं की ४ए, कॅल्शियम घातलं की ५ए. आकडा खिडकीचा अँगस्ट्रॉममधला ढोबळ आकार सांगतो. सांगाडा तोच, फक्त खिडकीतला आयन बदलून चाळणीचं भोक बदलायचं. इतकी सोपी आणि इतकी उपयोगी युक्ती या विषयात दुसरी नाही.

मग येतात धातू-सेंद्रिय सांगाडे, म्हणजे मॉफ. धातूचे आयन हे खांब आणि सेंद्रिय रेणू या तुळया. रिचर्ड रॉब्सन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांना यासाठी २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्रॅममागे हजारो चौरस मीटर पृष्ठफळ असलेले मॉफ आहेत. त्या आकड्याला भुलू नका. ऑक्सिजनच्या कामात वर्षानुवर्षं टिकलेल्या १३एक्सचं पृष्ठफळ हजाराच्याही आत आहे. शोधनिबंधाच्या पहिल्याच वाक्यात पृष्ठफळ आलं, की मी पुढे पाण्यासंबंधीचा परिच्छेद शोधतो. बहुधा तो नसतो.

दोन मॉफ मात्र लक्षात ठेवण्याजोगे. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात २०१६ साली जाहीर झालेला कौस्ट-७, जो प्रॉपिलीनला आत घेतो आणि प्रॉपेनला दारातच अडवतो. दुसरा कॅनडातल्या कॅलगरीचा कॅल्फ-२०. जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झलेट या साध्या घटकांचा हा पदार्थ ४० टक्क्यांपर्यंतच्या सापेक्ष आर्द्रतेत पाणी बाजूला ठेवून कार्बन डायऑक्साइड धरतो आणि वाफेतही टिकतो. तो सिमेंट कारखान्याच्या धुरावर प्रत्यक्ष चालवला गेला. त्याची निवड करण्याची ताकद जगात सर्वांत मोठी नाही. तो सोडतो सहज आणि टिकतो, म्हणून प्रयोगशाळेबाहेर पडला.

यादीत तीन नावं ठेवा: बाजारात ड्रममध्ये मिळणारा एक, त्याचाच सुधारलेला भाऊ एक, आणि नवा एक. पहिल्याशी तुलना केल्याशिवाय तिसऱ्याबद्दल बोलू नये.

पायरी ५: समताप वक्र मोजा, पण आधी नमुना कोरडा करा

ठरावीक तापमानाला दाब वाढवत नेऊन ग्रॅमभर पदार्थ किती वायू धरतो, त्याचा आलेख म्हणजे समताप वक्र. दोन्ही वायूंचे वेगवेगळे, आणि किमान तीन तापमानांना, उदाहरणार्थ १५, २५ आणि ४० अंशांना मोजा. ४० वगळू नका. आपल्याकडे मे महिन्यात शेडमधल्या टाकीत २५ अंश असणार आहेत का?

कोरडं करण्यात घाई झाली की सगळे आकडे खोटे निघतात. झिओलाइटला निर्वातात ३०० ते ३५० अंश लागतात आणि तापमान हळूहळू वाढवावं लागतं. ओला झिओलाइट एकदम तापवला तर त्याच्याच वाफेत सांगाड्याची हानी होते. मॉफला इतकं तापमान सोसेलच असं नाही. आधी ऊष्माभार मापनात, म्हणजे तापवत नेऊन वजन मोजत, तो कुठे मोडतो ते बघा आणि पुरेसं अंतर ठेवून खाली थांबा. कोरडं करण्यापूर्वीचं आणि नंतरचं वजन वहीत लिहा. पुढे आकडे जुळेनात तेव्हा पहिलं उत्तर तिथेच सापडतं.

वेगवेगळ्या तापमानांच्या वक्रांवरून अधिशोषणाची उष्णता काढता येते. कार्बन डायऑक्साइड १३एक्सला मोलमागे ४० किलोज्यूलहून जास्त जोराने चिकटतो. नायट्रोजन त्याच्या निम्म्याच्या आसपास. जेवढी उष्णता धरताना बाहेर पडते तेवढीच सोडवताना द्यावी लागते. शिवाय धरताना टाकी तापते आणि तापलेला पदार्थ कमी धरतो, म्हणजे मार दोन्हीकडून.

पायरी ६: एकूण क्षमता बाजूला ठेवा, कामाची क्षमता काढा

इथे जरा थांबतो, कारण पैसे इथे बुडतात.

मानू, दोन पदार्थ आहेत. दोघांचीही कमाल क्षमता ग्रॅमला ४ मिलिमोल. 'घट्ट'चा चिकटण्याचा स्थिरांक बारमागे ५, 'सैल'चा ०.५. लँगम्यूरच्या सूत्रात घाला: कमाल क्षमता गुणिले स्थिरांक गुणिले दाब, भागिले (१ अधिक स्थिरांक गुणिले दाब). ३ बारला घट्ट ३.७५ धरतो, सैल २.४. पुरवठादार इथेच थांबतो आणि घट्ट विकतो. आता दाब १ बारवर आणा. घट्टजवळ अजून ३.३३ उरलेत, म्हणजे फेरीमागे हातात आलं ०.४२. सैलजवळ १.३३ उरले, हातात आलं १.०७. निम्म्याहून कमी टाकीत सैल तेच काम करतो.

पण लगेच सैलच्या गळ्यात माळ घालू नका. हेच गणित १.२ बारवरून ०.३ बारवर येण्याचं करा: घट्ट १.०३, सैल ०.९८, जवळपास बरोबरी. ०.१ बारपर्यंत ओढलंत तर घट्ट २.१ देतो आणि सैल १.३१वर राहतो. म्हणजे एकाच पदार्थाला दाबाच्या एका खिडकीत नापास आणि दुसऱ्या खिडकीत पहिला नंबर. पदार्थ आणि यंत्र वेगवेगळं विकत घेणाऱ्यांची फसगत होते ती अशी. ०.१ बारचा पंप मात्र महाग आणि भुकेला असतो. त्याची वीज दुसऱ्या पायरीच्या हिशेबात घालायला विसरू नका.

निवड, म्हणजे दोन वायूंच्या धरलेल्या प्रमाणांचं गुणोत्तर, हेसुद्धा कामाच्या क्षमतेवरून काढा. मिश्रणाचं भाकीत एकेकट्या वक्रांवरून करायला मायर्स आणि प्राउस्निट्झ यांची १९६५ची आदर्श अधिशोषित द्रावण पद्धत सगळे वापरतात. समतोलावर चालणाऱ्या पदार्थाला ती ठीक आहे. वेगावर किंवा दार उघडण्यावर चालणाऱ्या पदार्थाला ती लावून निवड हजारोपट आल्याचं छापणारे निबंध निघतात. त्या हजारांना कारखान्यात काहीही किंमत नाही.

पायरी ७: ब्रेकथ्रू चाचणी

नळीत पदार्थ भरायचा, एका टोकाने मिश्रण सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला कोणता वायू कधी बाहेर येतो ते बघायचं. नळीचा व्यास कणाच्या किमान दहापट ठेवा, नाहीतर वायू भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेने निसटतो.

मोजण्यापूर्वी अपेक्षित वेळ कागदावर काढा. नळीत १० ग्रॅम पदार्थ, त्या परिस्थितीत ग्रॅमला १ मिलिमोल नायट्रोजन धरणारा. मिश्रणातून मिनिटाला १० मिलिलिटर नायट्रोजन येतो, म्हणजे २५ अंशांना सुमारे ०.४१ मिलिमोल. तर चोवीस मिनिटांच्या आसपास तो डोकावायला हवा. चौदालाच आला तर नमुना ओला आहे, भरण पोकळ आहे किंवा कुठेतरी गळती आहे. नव्या पदार्थाला नावं ठेवण्याआधी नळी पुन्हा भरा.

दहाव्या मिनिटाला चढू लागलेला आलेख पन्नासाव्या मिनिटापर्यंत आळसावत चढत असेल, तर कणाच्या आत वायूची हालचाल मंद आहे. तेवढा भाग टाकीत वाया जाणार. हीच चाचणी निदान वीस-तीस फेऱ्या करा आणि पहिल्या फेरीवर शेवटची ठेवून बघा. एका फेरीचे आलेख चकचकीत असतात. दहाव्या फेरीत खरा स्वभाव कळतो.

पायरी ८: पाणी आणि तेल

झिओलाइटला पाणी सगळ्यात प्रिय. नायट्रोजनसाठी ठेवलेली जागा बाष्प बळकावतं आणि फक्त दाब कमी केला म्हणून ते हलत नाही. लिथियमवाला तर याबाबतीत फारच नाजूक. म्हणून टाकीच्या तोंडाशी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा थर देतात, त्यावर १३एक्स, आणि वर मुख्य भरण; हवा खालून वर जाताना आधी पाणी, मग कार्बन डायऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन सोडत जाते. कार्बन सीव्ह पाणी त्या मानाने सोसतो, पण तेलाची वाफ त्याची तोंडं बुजवते आणि ते नुकसान भरून येत नाही.

एका पावसाळ्यात आमच्याकडे १३एक्सचे चार ड्रम झाकणं उघडी टाकून रात्रभर राहिले. चूक आमचीच. सकाळी पदार्थ दिसायला जसाच्या तसा होता, म्हणून भरला. महिनाभर शुद्धता ८७ टक्क्यांवर अडून राहिली आणि आम्ही व्हॉल्व्ह बदलत बसलो. तेव्हापासून ड्रम टाकीच्या तोंडाशीच उघडायचा आणि उघडल्यावर वजन करायचं, हा नियम आहे.

मॉफच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच: नमुना दमट हवेत आठवडाभर ठेवून पुन्हा वक्र मोजला का? गाजलेला मॉफ-५ दमट हवेत मोडतो. धातूची उघडी जागा ठेवून इथिलीन किंवा प्रॉपिलीन धरणारे सांगाडे पाण्यालाही त्याच जागा आनंदाने देतात.

पायरी ९: भुकटीचा कण करा

प्रयोगशाळेत भुकटी, टाकीत मणी किंवा काड्या. चिकटवायला १० ते २० टक्के माती किंवा तत्सम बंधक लागतो, म्हणजे तेवढी क्षमता तिथेच गेली. कण बारीक असेल तर वायू लवकर आत-बाहेर करतो, पण टाकीतला दाब जास्त पडतो. छोट्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये मिलिमीटरहून लहान मणी चालतात, मोठ्या टाक्यांत दीड ते तीन मिलिमीटरचे. दाबून फुटण्याची ताकद आणि घासून पडणारी भुकटी यांचे आकडे लेखी मागा. नवा पदार्थ कण करताना छिद्रं बुजतात का, ते पाचव्या पायरीवर परत जाऊन तपासा.

पायरी १०: फेरीचं वेळापत्रक

दोन टाक्यांची साधी फेरी चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखली जाते, १९६०च्या सुमाराची. एक टाकी दाबाखाली काम करते, तेवढ्यात दुसरी दाब सोडते आणि थोड्या शुद्ध वायूने धुतली जाते. यात सगळ्यात स्वस्त ऊर्जाबचत म्हणजे दाबाची वाटणी: भरलेल्या टाकीतला दाब हवेत सोडण्याआधी रिकाम्या टाकीला जोडायचा. एक नळी, एक व्हॉल्व्ह आणि काही सेकंद. धुण्याचा वायू जास्त वापरला तर शुद्धता वाढते आणि प्राप्ती घटते. एका खेपेला फेरीतली एकच मुदत बदला, आणि बदलल्यावर यंत्र स्थिर होईपर्यंत वाट बघा. दहा मिनिटांत पुन्हा स्क्रू फिरवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

शुद्धतेची हाव कुठे थांबवायची तेही माहीत हवं. हवेत ०.९३ टक्का आर्गॉन असतो आणि झिओलाइटला ऑक्सिजन आणि आर्गॉन जवळपास सारखेच. सगळा नायट्रोजन काढला तरी उरलेल्यात ऑक्सिजन २०.९५ भागिले २१.८८, म्हणजे ९५.७ टक्के. एका साध्या झिओलाइटवर कोणी ९९ टक्के ऑक्सिजनची हमी देत असेल तर त्याला आर्गॉन कुठे गेला ते विचारा.

पायरी ११: टाकी भरणं

तळाला जाळी आणि सिरॅमिकचे गोळे. त्यावर भरण नरसाळ्याने आणि होजने, पसरत पसरत सोडा. ड्रम उपडा केला तर मधे ढीग होतो, मोठे कण कडेला घरंगळतात आणि वायूला चोरवाट मिळते. मधून मधून टाकीला हलके ठोके द्या, पातळी बघा. वर जाळी आणि काथ्याची चटई दाबून बसवतात; नारळाच्या काथ्यासारखी स्वस्त स्प्रिंग दुसरी नाही. पंधरवड्याने झाकण उघडून भरण खाली बसली का बघा आणि वरून भर घाला. सैल राहिलेली भरण दर फेरीला उसळते, कण घासतात आणि व्हॉल्व्हमध्ये पांढरी भुकटी येते.

कार्बन सीव्हच्या टाकीत डोकं घालून बघायचं नाही. आत ऑक्सिजन नसतो आणि माणूस एका श्वासात कोसळतो. कोरड्या झिओलाइटवर पाणी पडलं तर तो चटका बसण्याइतका तापतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा. आणि नायट्रोजनचं यंत्र ऑक्सिजनवर आणणार असाल तर नळ्या, व्हॉल्व्ह, गेज यांतलं तेल-ग्रीस पूर्ण साफ झाल्याशिवाय बटण दाबू नका. नायट्रोजनमध्ये निरुपद्रवी असलेला ग्रीसचा डाग दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेट घेतो.

चालू झाल्यावर पहिला महिना रोज वहीत लिहा: शुद्धता, प्रवाह, वरचा आणि खालचा दाब, आत येणाऱ्या हवेचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला तिच्यातलं बाष्प दव होऊन साचतं ते), शेडचं तापमान, मीटरवरची युनिटं. युनिटांना घनमीटरने भागून येणारा आकडा रोज एका रेघेवर मांडत जा. ती रेघ वर सरकायला लागली, की आधी ड्रायर बघा, मग तेलाचे फिल्टर, मग व्हॉल्व्हची गळती, आणि भरण सगळ्यात शेवटी.